‘गमते का?’ : सुखाला वऱ्हाडात काय म्हणतात

काही वर्षांपूर्वी दोन महिने मी एका पाहणीचं काम केलं. दर्यापूरच्या बाजूची खारपाणपट्ट्यातली गावं, हातात छापील फॉर्मांचा गठ्ठा. घरोघर जायचं, प्रश्न वाचायचा, उत्तर लिहायचं. शेती किती, कोरडवाहू की ओलित, डोक्यावर कर्ज किती, घरात संडास आहे का, इथपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. मग शेवटच्या पानावर एक प्रश्न यायचा : ‘सर्वसाधारणपणे आपण किती आनंदी आहात? 0 ते 10 पैकी एक आकडा सांगा.’ शेजारी शिडीचं चित्र.

पहिल्याच गावात ओसरीवर बसलेल्या एका आबाजींना मी हा प्रश्न वाचून दाखवला. ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

“कायचा आनंद?”

मी प्रश्न पुन्हा वाचला, जरा सावकाश. आता त्यांच्या चेहऱ्यावर उत्सुकता आली. मी काही बातमी आणली आहे आणि सांगायला उगाच वेळ लावतोय, असं त्यांना वाटलं असावं. “काहून, काही झालं का? माफी आली का कर्जाची?”

फॉर्मवर ‘प्रश्न समजला नाही’ अशी एक चौकट होती. मी तिथे बरोबरची खूण केली आणि पुढच्या घरी गेलो. ती खूण चुकीच्या माणसाच्या नावापुढे झाली, हे कळायला मला पुढची दहा-बारा गावं लागली.

आबाजींना प्रश्न नीट समजला होता. मराठीत आनंद ही ‘होण्याची’ गोष्ट आहे. एखाद्या शब्दाचा अर्थ पाहायचा असेल, तर कोश उघडण्याआधी त्याची सोयरीक कोणत्या क्रियापदाशी जमते ते पाहावं. आनंद होतो, आनंद वाटतो, आनंद गगनात मावत नाही, आनंदाला उधाण येतं. म्हणजे काहीतरी घडतं, आणि त्यामुळे आनंद येतो. नातू पास झाला, गाय व्याली, पाऊस वेळेवर आला. पुरासारखा तो चढतो आणि ओसरतोही. ‘मी आनंदी आहे’ हे वाक्य व्याकरणाला धरून आहे, पण आमच्या गावात कुणाच्या तोंडून निघालेलं मी ऐकलेलं नाही. ते पुस्तकातलं वाक्य आहे, आणि त्याची घडण इंग्रजीतून आलेली दिसते. तेव्हा कुणी सहज विचारलं, ‘तुम्ही किती आनंदी आहात?’, तर वऱ्हाडी माणूस ‘कशाबद्दल?’ असं विचारणारच.

उलट नुसता ‘आनंद’ कारणाशिवाय वापरला, तर त्याचा अर्थ पार फिरतो. ‘शाळेत मास्तर नाही, दवाखान्यात औषध नाही, सगळा आनंदच आहे.’ किंवा ‘तिकडे तर काय, आनंदीआनंद!’ यातला आनंद म्हणजे बोजवारा.

तरी आनंद मोजायची हौस आपल्याकडे जुनीच आहे. तैत्तिरीय उपनिषदात त्याचा हिशेब मांडलेला आहे. एक तरुण घ्या : शिकलेला, धडधाकट, मजबूत, आणि धनधान्यानं भरलेली सगळी पृथ्वी त्याच्या मालकीची. त्याला होतो तो माणसाचा एक आनंद. हे झालं माप. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, असं पितर, देव, इंद्र, बृहस्पती करत करत ब्रह्मापर्यंत वर दहा पायऱ्या. गंमत म्हणजे फॉर्मवरची शिडीही शून्यापासून दहाच पायऱ्या चढायची. पण उपनिषदातला मापारी आमच्यापेक्षा हुशार. माणसाचं मूळ माप सोडलं, तर वरच्या प्रत्येक पायरीवर तो एक शेरा मारतो : ज्ञानी आहे आणि ज्याला हाव नाही, त्यालाही एवढाच आनंद. म्हणजे शिडी चढायला लावतो आणि न चढता वर पोचायची वाटही सांगून ठेवतो.

आता ‘सुख’. हा शब्द मला लहानपणापासून जड, कीर्तनातला वाटत आला. त्याचं मूळ मात्र बंडीत, म्हणजे बैलगाडीत निघतं. ऋग्वेदात ‘सुख’ हे विशेषण रथाला लागतं. ‘सु’ म्हणजे चांगलं, ‘ख’ म्हणजे भोक. चाकाच्या मधोमध आस बसतो ते भोक नीट कोरलेलं असलं, की तो रथ ‘सुख’, अशी फोड जुने-नवे अभ्यासक देतात. ‘सुस्थ’, म्हणजे नीट बसलेलं, या शब्दापासून तो घडला असावा असं दुसरं मत आहे. मला स्वतःला पहिलं पटतं, आणि त्याचं कारण भाषाशास्त्रातलं नाही. आमच्या घरी बंडी होती. तिच्याखाली वंगणाचं नळकांडं लोंबकळायचं. वंगण संपलं की बंडी कुरकुरायला लागायची आणि शेतातून निघाली की पार गावात ऐकू यायची. आई तेवढ्या आवाजावर भाकरी टाकायला घ्यायची. वंगण घातलेली बंडी दारात येऊन उभी राहिली तरी कुणाला पत्ता लागत नसे. सुखाचंही बोलण्यात तसंच होतं. ते असलं की कुणी त्याचं नाव काढत नाही, नसलं की गावभर होतं.

बोलण्यातला ‘सुख’ ऐका. ‘गाव चांगलं हाय, पन पान्याचं सुख नाही.’ खारपाणपट्ट्यात पोरीसाठी स्थळ पाहताना हे वाक्य हमखास येतं, कारण तिथे विहिरीला पाणी लागलं तरी ते खारट निघतं. ‘लेकाचं सुख नाही.’ ‘सुनेचं सुख हाय बाईले.’ ‘म्हातारपनी जिवाले सुख नाही.’ म्हणजे सुख हे नेहमी कशाचं तरी, कुणाकडून तरी मिळणारं. ते भोगावं लागतं, आणि भोगण्यात काळ जातो. आनंद एका फोननं होतो. सुखाला वर्षं लागतात.

आणि एक फार महत्त्वाचा शब्द : ‘सुखासुखी’. त्याचा अर्थ ‘सुखानं’ असा नाही, ‘काही कारण नसताना’ असा आहे. ‘सुखासुखी कोनी गाव सोडत नाही.’ ‘सुखासुखी कोनी वावर इकत नाही.’ जिथे हा शब्द येतो, तिथे वाक्याच्या शेवटी ‘नाही’ जवळजवळ ठरलेला. वावर म्हणजे शेत, हे पश्चिमेकडच्या वाचकांसाठी.

मजा, मौज, चैन, ऐश, खुशी ही सगळी पाहुणे मंडळी. मजा फारसीतून आली आणि तिकडे तिचा अर्थ चव. मौज अरबी, तिकडे ती लाट. ऐशही अरबी, तिथे तिचा साधा अर्थ जगणं, आणि आपण तिला गॉगल चढवला. चैनीचं तर पारच बिघडलं. हिंदीत ‘चैन’ म्हणजे स्वस्थपणा. आपल्याकडे ‘चैन पडत नाही’ आणि ‘बेचैन’ यांत तो जुना अर्थ शिल्लक आहे, पण ‘चैन करतो’ म्हटलं की माणूस उधळ्या ठरतो. खुशी आली आणि तिच्याबरोबर ‘खुशाल’ आला. ‘खुशाल जा’ यात खुशी औषधालाही नसते, हे ज्यानं ऐकलंय त्याला माहीत आहे. म्हातारी माणसं अजून ‘हरिख’ म्हणतात. हा आपल्या हर्षाचाच जुना, झिजून गुळगुळीत झालेला आकार. पोरानं पहिला पगार आणून हातावर ठेवला तेव्हा होतो तो हरिख.

‘समाधान’ या शब्दापाशी थांबायला हवं, कारण पाहणीवाले आनंदाखालोखाल याच शब्दात फसतात. ‘आपण आपल्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?’ मूळ संस्कृतात समाधान म्हणजे नीट एकत्र ठेवणं, जागच्या जागी बसवणं. समाधी त्याच धातूची. शंकेचं समाधान होतं म्हणजे सुटलेला दोरा जागेवर बसतो. कापूस विकला, चुकारा हाती आला, कृषी केंद्राची उधारी दिली, सोसायटीचा हप्ता दिला, उरले त्यात पोरांचे कपडे झाले. त्या रात्री माणूस म्हणतो, ‘समाधान झालं.’ त्याला फायदा झाला असेलच असं नाही. हिशेब मिटला.

पण या शब्दाची दुसरी सोयरीक ‘मानणे’शी आहे. समाधान मानलं. एकरी दहा क्विंटल येईल म्हणून आस लावली, हाती चार आलं, समाधान मानलं. तेव्हा फॉर्मवर कुणी ‘समाधानी आहे’ असं उत्तर दिलं, तर त्याचं समाधान झालंय की त्यानं मानून घेतलंय, हे आकड्यावरून ओळखता येत नाही. विचारणाऱ्याला ते एकच वाटतं. सांगणाऱ्याला त्यातला फरक पक्का माहीत असतो.

मग आमच्याकडे माणूस बरा आहे की नाही हे विचारतात तरी कसं?

माझ्या चुलतबहिणीचं लग्न यवतमाळकडे झालं. मांडवपरतणीला ती घरी आली. संध्याकाळी काकू चुलीशी पोळ्या करत होती, ही शेजारी बसून पीठ मळून देत होती. मी उंबऱ्यावर चहा पीत होतो. काकूनं तव्यावरची नजर न काढता विचारलं,

“गमते नं वं तिकडे?”

बहिणीनं परातीतला गोळा एकदा उलटा केला, मग म्हणाली, “गमते.”

एवढंच. काकूनं पोळी उलटवली. ती जरा करपली होती. थोड्या वेळानं म्हणाली, “दुपारच्याले फोन लावत जाय मले. दुपारी घरी कोनी नसते माह्या.” दुपारी घरात सगळे असायचे. त्या एका ‘गमते’च्या आधी जो क्षणभर वेळ गेला, तो काकूला पुरेसा होता.

पुण्या-मुंबईकडे ज्याला ‘करमणे’ म्हणतात, त्याला आमच्याकडे ‘गमणे’. अर्थ : एखाद्या ठिकाणी जीव रमणं, वेळ जड न होणं, आपण इथलेच आहोत असं वाटणं. माझा भाचा शिकायला पुण्याला गेला. पहिल्या आठवड्यात खोलीतल्या मुलांना म्हणाला, ‘मला इथं गमत नाहीये.’ त्यांनी विचारलं, ‘कसली गंमत?’ बिचाऱ्यानं घरी फोन करून सांगितलं, की इकडे गमत नाही आणि गमत नाही हे सांगताही येत नाही.

हा शब्द उघडून पाहण्यासारखा आहे.

‘मले गमते’ या वाक्यात कर्ता कोण? ‘मला आंबा आवडतो’ यात क्रियापद आंब्याच्या तालावर चालतं, म्हणून ‘आवडतो’, आणि चिंच असती तर ‘आवडते’. ‘मला आनंद झाला’ यात आनंद कर्त्याच्या जागी बसलाय. ‘मले गमते’ यात त्या जागी कुणीच नाही. मी तर नाहीच, कारण मला ‘ले’ लागलाय. शाळेच्या व्याकरणात अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात : उजाडतं, सांजावतं, गडगडतं, मळमळतं. यांना कुणी करणारा नसतो, ते आपोआप होतं. गमणं त्यांच्या पंगतीतलं. म्हणजे आमच्या भाषेत सुखी असणं हे ना माणसाचं कर्तृत्व, ना त्याचा गुण. ते हवामान आहे, माणसाला लागतं. कुणाला ‘आनंदी राहा’ असा उपदेश करता येतो, भिंतीवर तो रंगवताही येतो. ‘गमून घे’ असं मात्र कुणी कुणाला सांगत नाही. तसं सांगणं म्हणजे ‘जरा उजाडून घे’ म्हणण्यासारखं होईल.

‘ले’ हा प्रत्यय ऐकून हसणारे भेटतात, म्हणून सांगतो, तो काही परवाचा नाही. इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सननं केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा खंड 1905 साली निघाला. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने आहेत आणि त्यांत ‘ला’च्या जागी हाच ‘ले’ आहे.

आता मूळ. ‘गम्’ म्हणजे जाणं. संस्कृतात ‘कालं गमयति’ म्हणजे वेळ घालवतो. ‘करमणे’ची कुळकथाही अशीच. ती ‘क्रम्’पासून, म्हणजे पाऊल टाकण्यापासून निघते आणि तिचीच पोर ‘करमणूक’. दोन्ही शब्द चालण्याचे. वेळ सहज चालत गेला तर गमलं, करमलं. तो अडला, रेटावा लागला, तर त्यालाही मराठीत शब्द आहे : दिवस कंठणे. सुखाचा शब्द चाकातून निघाला, मौजेचा लाटेतून आणि गमण्याचा चालण्यातून. आपल्या बहुतेक सुखांना गती लागते असं दिसतं. एक समाधान तेवढं बसून राहतं.

याच ‘गमणे’ची एक शाखा जुन्या कवितेत गेली. तिथे ‘मज गमे’ म्हणजे ‘मला वाटतं’. दुसरी गुजरातीत आहे. तिकडे ‘मने गमे छे’ म्हणजे ‘मला आवडतं’. कवीला वाटतं, गुजराती माणसाला आवडतं, वऱ्हाडी माणसाचा जीव रमतो. तिघांच्याही वाक्यात माणूस ‘मज’, ‘मले’, ‘मने’ असाच येतो, ‘मी’ म्हणून नाही, हे ध्यानात घ्यावं.

वऱ्हाडी बोलणाऱ्याला या एका क्रियापदाची निरनिराळी रूपं म्हणजे निरनिराळे रिपोर्ट असतात. ‘गमते’ म्हणजे एरवी ठीक. ‘गमलं’ म्हणजे त्या दिवसापुरतं, मामाच्या गावी गेलो होतो, गमलं. ‘गमून राहिलं’ म्हणजे सध्या, आज-उद्याचं सांगता येत नाही. ‘गमून जाते’ म्हणजे फारसं गमण्यासारखं काही नाही, पण निभावतं. सहा महिन्यांनी तीच चुलतबहीण दिवाळीला आली तेव्हा तिनं स्वतःहून सांगितलं : “बाया चांगल्या हायेत तिकडे. येचाले सोबत जातो, गमून जाते.” कापूस वेचायला सकाळी निघालं की संध्याकाळीच परत. पऱ्हाटीच्या दोन ओळींत दोघी-दोघी, हात बोंडावर आणि तोंड चालू. कमरेला बांधलेली ओटी भरत जाते, दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, डबे उघडतात. तिचं सासर तेच होतं, नवराही तोच होता. गमायला तिला चार बाया लागल्या. संक्रांतीला आली तेव्हा ‘गमून जाते’मधला ‘जाते’ गळून पडला होता. काकूनं तेव्हा पोळी करपवली नाही.

हा शब्द माणसापुरता नाही, हे मला विशेष वाटतं. बाजारातून नवा बैल आणला. दोन दिवस झाले, गव्हाणीत कुटार तसंच पडलेलं, पाण्याला तोंड लावतो आणि मान वळवतो. बाबा ढोरांच्या डॉक्टरला बोलवायला निघाले, तर आमचा सालदार म्हणाला, “राहू द्या. त्याले गमून नाही राहिलं.” आजारी म्हणाला नाही, माजला म्हणाला नाही. त्यानं नव्याची जागा बदलली. भिंतीकडून काढून जुन्या बैलाच्या बाजूला बांधलं, इतक्या जवळ की दोघांची तोंडं एका गव्हाणीत यावीत. तिसऱ्या दिवशी सकाळी कुटार संपलेलं होतं. सालदार गुढीपाडव्याला सालावर लागतो, नवं घर, नवे मालक. त्याला हे आमच्या आधी कळलं यात नवल नाही.

या निदानात तीन गोष्टी येतात. जागा, सोबत आणि हाताला काम. यातली एक बदलली की बहुधा गमायला लागतं, किंवा लागलेलं मोडतं. पैसा यात सरळ येत नाही. तो या तिघांच्या मागून येतो. काम नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून गाव सोडायचं, आणि गाव सोडलं की जागाही गेली, सोबतही गेली.

शिडीचं चित्र कुठून आलं ते सांगायचं राहिलं. हॅडली कँट्रिल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1965 साली ही शिडी मांडली. शिडीचं वरचं टोक म्हणजे तुमच्या दृष्टीनं सगळ्यात चांगलं आयुष्य, तळ म्हणजे सगळ्यात वाईट. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? दरवर्षी 20 मार्चच्या सुमाराला वर्तमानपत्रांत ‘जगातला सर्वांत आनंदी देश’ अशी बातमी येते, ती याच शिडीवरून. भूताननं आनंदाबद्दल मांडलेला ठराव 2011 साली संयुक्त राष्ट्रांत मंजूर झाला, 2012 साली पहिला जागतिक आनंद अहवाल निघाला, 2018पासून फिनलंड पहिला येतोय. 2025च्या यादीत 147 देशांत भारत 118वा होता. बातमी वाचून लोक म्हणतात, एवढे सण आपल्याकडे, तरी कसे मागे? पण कँट्रिलच्या मूळ प्रश्नात ‘आनंद’ हा शब्दच नाही. तो आयुष्याचा ताळेबंद विचारतो. ‘आनंदी’ हे विशेषण नंतर मथळ्यात चिकटतं. आमच्या फॉर्ममध्ये कुणीतरी मथळा घेतला आणि शिडीला जोडला, म्हणून आबाजी कर्जमाफीची वाट पाहत बसले. फिनिश भाषेत सुख आणि नशीब यांना एकच शब्द आहे, ‘ओन्नी’. इंग्रजी ‘हॅपी’चं मूळही नशिबातलंच. तिकडे सुख नशिबानं लागतं, इकडे हवेसारखं लागतं, आणि एकाच शिडीवर दोघांनाही उभं केलेलं असतं.

शब्दाची चूक यादीपुरती राहिली तर हसून सोडता येते. दवाखान्यात ती महाग पडते. उदासीनतेचा आजार, म्हणजे डिप्रेशन, ओळखायला जगभर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिचा पहिलाच प्रश्न असा, की गेल्या दोन आठवड्यांत कामांत रस किंवा आनंद वाटत नाही असं किती वेळा झालं? शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रात विदर्भ-मराठवाड्याच्या 14 जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. त्यात आशाताई घरोघर जाऊन अशीच विचारपूस करतात. माझ्या ओळखीच्या एक आशाताई सांगत होत्या, की ‘आनंद वाटतो का’ असं विचारलं की बाप्ये हसतात किंवा उठून जातात. ‘भाऊ, गमते का आजकाल?’ म्हटलं की खाली बसतात.

त्यातही त्या काय ऐकतात ते महत्त्वाचं. ‘घरी गमत नाही’, ‘नागपूरले गमत नाही’ यात ठिकाण आहे. ठिकाण बदललं, सोबत मिळाली की ते जातं. तो आजार नव्हे. पण बोलण्यात ‘कुठंच’ आला, ‘कायच्यातच गमत नाही’ आलं, आणि ते आठवडा-दोन आठवडे तसंच राहिलं, की त्या पुढचे आठ प्रश्न लक्ष देऊन विचारतात आणि डॉक्टरकडे पाठवतात. फोन करायची तयारी असेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, सरकारी नंबर देतात. एका ‘च’वर त्यांचं अर्धं काम चालतं.

पाहणीच्या शेवटच्या आठवड्यात त्याच पहिल्या गावातून परत जायचं होतं. आबाजींच्या फॉर्मवरचा आकडा कोराच होता आणि वरून निरोप होता, की कोरी जागा चालणार नाही. ते ओसरीवर तिथेच होते. या वेळी मी फॉर्म पिशवीतच ठेवला.

“आबाजी, गमते का?”

“घरी नाही गमत,” ते म्हणाले. कितीतरी वेळ ते कुणी विचारायची वाट पाहत असल्यासारखे. “बुढी गेली तवापासून घरी नाही गमत. सून चांगली हाय, टायमावर देते, तिचं काही नाही. पन घर खायाले उठते. मंग वावरात जातो. काम नाही होत आता, धुऱ्यावर लिंबाखाली बसतो. येनारे-जानारे दिसतात. तती गमते. दिवस बुडाला का मंग घरी या लागते.” थोडं थांबून म्हणाले, “झोप लागली तं ठीक.”

मी पिशवीतून फॉर्म काढला आणि ते शेवटचं पान त्यांच्यापुढे धरलं. लिंबाखालचं गमणं आणि घरातलं न गमणं एका आकड्यात कसं बसवायचं ते मला कळेना. त्यांनी चष्मा पुढे ओढून चित्र पाहिलं.

“हे निसनी होय का?”

“हो.”

“कायले टेकवली हाय?”

मीही पाहिलं. पायऱ्यांवर 0 ते 10 आकडे होते, आणि शिडी कोऱ्या कागदात नुसतीच उभी होती.

“पाच लिवा,” आबाजी म्हणाले. “तुमालेही घरी जा लागते. अन् पानी प्या, गोड हाय, टाक्याचं हाय.”